यंत्रांची साक्ष

[नभोवाणीवरील भाषण]



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांत, इस्पितळांत, पेढ्यांत आणि महाविद्यालयांत शेंकडों संगणक तारांनीं परस्परांशीं जोडलेले असतात. त्या जोडणीचा नकाशा यंत्राकडूनच आपोआप काढवून घेतां येतो. आणि तो नकाशा पुष्कळदां चुकतो. तो कां चुकतो आणि चुकला असतां काय करावें, हा आजचा प्रश्न. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आपण पेढीच्या खिडकीशीं उभे असतां आंतील लेखनिक "यंत्रणा बंद आहे" असें सांगतो, तेव्हां पलीकडे कोणी तरी याच नकाशावर डोळे लावून बिघाड कोठें आहे तें शोधीत असतो. नकाशा खरा असेल तर आपला खोळंबा दहा मिनिटांचा. खोटा असेल तर दिवसाचा.

कधीं कधीं दिवसाचा खोळंबाहि थोडा म्हणण्याची पाळी येते. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं बेथ इस्रायल डीकनेस या नांवाचें एक मोठें रुग्णालय आहे. नोव्हेंबर २००२ मध्यें तेथील संगणकांचें जाळें कोलमडलें आणि जवळजवळ चार दिवस तें धड चाललें नाहीं. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, सगळें पुन्हां कागदावर आलें. त्या संस्थेचे माहिती-विभागप्रमुख डॉक्टर जॉन हलाम्का यांनीं हा प्रकार झांकून न ठेवतां पुढें जाहीरपणें मांडला, म्हणून तो आज आपणांस ठाऊक आहे. वर्षानुवर्षें एका पेटीला दुसरी पेटी जोडली जाऊन तें जाळें इतकें लांबलें होतें कीं, त्यांतील कांहीं वाटांवर सातांहून अधिक टप्पे पडूं लागले होते. आणि ही मर्यादा ओलांडली गेल्याचें वेळीं ध्यानांत आलें नाहीं. सात टप्प्यांचीच मर्यादा कां, तें लवकरच सांगतों.

या पेटीला स्विच म्हणतात. घरांतील दिव्याच्या बटणाशीं तिचें नांवापलीकडे कांहीं नातें नाहीं. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनीं इथरनेट ही जोडणीची पद्धति काढली. तींत एकाच तारेवर सर्व संगणक बोलत आणि एकाचें बोलणें सर्वांच्या कानीं पडे. १९९० सालीं एका कंपनीनें सात तोंडांचा पहिला इथरनेट स्विच बाजारांत आणला. त्या कंपनीचें नांव "कल्पना" होतें, हें ऐकून श्रोत्यांना कौतुक वाटेल. तिच्या दोघां संस्थापकांपैकीं विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय; त्यांच्या पत्नीचें नांव कंपनीला देण्यांत आलें होतें. पुढें १९९४ सालीं सिस्को कंपनीनें "कल्पना" विकत घेतली.

स्विचची काम करण्याची रीत चाळींत नव्यानें आलेल्या टपालवाल्यासारखी आहे. संगणकाच्या जोडणीच्या भागाला कारखान्यांतच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. स्विचला जीं अनेक तोंडें असतात त्यांना पोर्ट म्हणतात. अमुक पत्त्याचें पत्र अमुक पोर्टाकडून आलें, एवढें स्विच आपल्या वहींत टिपून ठेवतो. पुढें त्या पत्त्यासाठीं पत्र आलें कीं तें त्याच पोर्टानें बाहेर धाडतो. पत्ता वहींत नसला तर बाकीच्या प्रत्येक पोर्टाकडे एकेक प्रत पाठवून मोकळा होतो. आणि एखाद्या पत्त्याकडून साधारणतः ३०० सेकंद कांहींच आलें नाहीं, तर ती नोंद पुसून टाकतो. ही पुसण्याची संवय लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दोन स्विचांमध्यें दोन वाटा असल्या तर पत्रांच्या प्रती गरगर फिरत राहतात आणि जाळें त्यांतच बुडतें. रॅडिया पर्लमन यांनीं डिजिटल इक्विपमेंट या कंपनींत असतांना १९८५ सालीं याचा उपाय प्रसिद्ध केला. स्विचांनीं आपसांत निरोप पाठवून एक मूळ ठरवावें, झाडाच्या फांद्यांप्रमाणें प्रत्येक ठिकाणीं जाण्याची एकच वाट खुली ठेवावी आणि बाकीच्या मिटवाव्या, असा तो उपाय. मानकांत या निरोपांसाठीं जे वेळाचे आंकडे सुचविले होते, ते सात टप्प्यांपर्यंतचें जाळें गृहीत धरून. बोस्टनमध्यें ओलांडली गेली ती ही मर्यादा.

आतां नकाशाकडे वळूं. नकाशा काढणारी आज्ञावली तारा पाहूं शकत नाहीं. ती केवळ प्रश्न विचारूं शकते. प्रश्न विचारण्याची सर्वमान्य भाषा १९८८ सालीं ठरली, तिला एस. एन. एम. पी. म्हणतात. या भाषेंत आज्ञावली प्रत्येक स्विचला विचारते आणि मुख्यतः तीन प्रकारची साक्ष गोळा करते. पहिली साक्ष शेजाऱ्याच्या निरोपाची. प्रत्येक स्विच ठराविक काळानें आपलें नांव आणि आपला पोर्ट शेजाऱ्यास कळवितो. सिस्कोनें १९९४ सालीं यासाठीं सी. डी. पी. नांवाची स्वतःची पद्धति काढली. तींत दर ६० सेकंदांनीं निरोप जातो. पुढें २००५ सालीं आय. ई. ई. ई. या संस्थेनें एल. एल. डी. पी. हें सर्व कारखान्यांसाठीं मानक प्रसिद्ध केलें. त्यांत निरोप सामान्यतः दर ३० सेकंदांनीं जातो आणि ऐकलेला निरोप १२० सेकंद ग्राह्य धरला जातो. दुसरी साक्ष टपालवाल्याच्या वहीची. तिसरी साक्ष झाडाच्या व्यवस्थेची. कारण मुळाच्या दिशेला आपल्या पलीकडे कोण आहे, हें प्रत्येक स्विचला ठाऊक असतें.

सर्व पेट्या एकाच कारखान्याच्या आणि एकाच वर्षीं घेतलेल्या असत्या तर या तीन साक्षी बहुधा जुळल्या असत्या. परंतु संस्था तशा वाढत नाहींत. एका वर्षीं एकाची निविदा स्वस्त पडते, दुसऱ्या वर्षीं दुसऱ्याची; नवी इमारत बांधणारा ठेकेदार तिसऱ्याच कारखान्याच्या पेट्या बसवून जातो. मग एका छपराखालीं चार बोलींचे साक्षीदार नांदूं लागतात आणि त्यांच्यांत विसंवाद उत्पन्न होतो.

पहिला विसंवाद नांवांचा. एकाच गृहस्थाचें नांव मतदारयादींत एका तऱ्हेनें आणि शिधापत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलेलें असावें, तसा हा प्रकार आहे. एल. एल. डी. पी. मध्यें पेटीनें आपली ओळख सात प्रकारांपैकीं कोणत्याहि एका प्रकारानें द्यावी, अशी मुभा आहे. पोर्टाच्या ओळखीलाहि सातच प्रकार मोकळे आहेत. एक कारखाना पोर्टाचें नांव देतो, दुसरा मॅक पत्ता देतो, तिसरा नुसता अंक देतो; आणि तिघेहि मानकाला धरूनच वागत असतात. सिस्कोचा एकच स्विच सी. डी. पी. च्या निरोपांत आपल्या पोर्टाला "गिगाबिटइथरनेट" असें लांबलचक म्हणतो, तर एल. एल. डी. पी. च्या निरोपांत त्याच पोर्टाला नुसतें "जीआय" म्हणून मोकळा होतो. मॅक पत्ता लिहितांना कोणी विसर्गासारखीं दोन टिंबें वापरतो, कोणी आडव्या रेघा, कोणी चार चार अक्षरांमागें एकेक टिंब. माणसाच्या नजरेला हें एकच दिसतें. अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला मात्र तीं निरनिराळीं नांवें वाटतात, आणि एका पेटीच्या नकाशावर दोन पेट्या होतात.

दुसरा विसंवाद अंकांचा. स्विच आपल्या वहींत पोर्टांना एका क्रमानें अंक देतो आणि जोडण्यांच्या यादींत दुसऱ्या क्रमानें. वहींतला २४ वा पोर्ट यादींत १०,१२४ वा असूं शकतो. दोहोंचा मेळ घालणारें एक कोष्टक मानकांत सांगितलेलें आहे. तें न वाचतां केवळ अंक जुळवूं पाहणारी आज्ञावली हटकून फसते. शिवाय पेटी बंद करून पुन्हां चालू केली असतां यादींतले अंक बदलूं शकतात. भरीस भर म्हणजे एकाच पेटींत पुष्कळदां अनेक आभासी जाळीं असतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. सिस्कोच्या पुष्कळ पेट्या प्रत्येक व्हीलॅनची वही वेगळी विचारल्याखेरीज दाखवीत नाहींत. ज्यानें एकदांच विचारलें, त्याला एकाच जाळ्याचें उत्तर मिळतें आणि बाकीचा संसार त्याच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नसतो.

तिसरा विसंवाद सर्वांत फसवा आहे, म्हणून तो उदाहरणानें सांगतों. समजा, एका कचेरींत तीन मजल्यांवर तीन स्विच आहेत. तळचा आणि वरचा सिस्कोचे. मधला दुसऱ्या कारखान्याचा. तार तळच्याकडून मधल्याकडे आणि मधल्याकडून वरच्याकडे गेली आहे. मधल्याला सी. डी. पी. समजत नाहीं. त्या निरोपावरचा पत्ता त्याच्या लेखीं सर्वांना वाटावयाच्या पत्रासारखा असतो. म्हणून तळच्याचा निरोप तो तसाच वर पाठवून देतो आणि वरच्याचा खालीं. परिणाम असा होतो कीं, तळचा सांगतो, "माझा शेजारी वरचा;" वरचा सांगतो, "माझा शेजारी तळचा." दोघेहि प्रामाणिक आहेत, दोघांची साक्ष तंतोतंत जुळते, आणि नकाशा साफ चुकतो. एल. एल. डी. पी. चा निरोप ज्या पत्त्यावर जातो तो राखीव असल्यामुळें नियमानें वागणारा स्विच तो पुढें ढकलीत नाहीं. परंतु सिस्कोच्या कित्येक पेट्यांत एल. एल. डी. पी. मुद्दाम चालू केल्याखेरीज बंदच असतें. तेव्हां मधल्याला शेजारी म्हणून कोणीच दिसत नाहीं आणि नकाशाच्या एका कोपऱ्यांत तो अनाथासारखा एकटा पडतो.

आतां एखाद्या रात्रीं मधला स्विच बिघडला, तर काय होईल? नकाशावर तळच्या आणि वरच्या स्विचांमधली रेषा तांबडी होईल. कामावरचा मनुष्य तळचा पोर्ट बदलील, वरचा पोर्ट बदलील, आणि या दोहोंना सरळ जोडणारी जी तार कधीं अस्तित्वांतच नव्हती तिचा शोध भिंतींतून घेत राहील. ज्या पेटीपाशीं त्यानें जावयास पाहिजे, तिचें नांवहि त्याच्या यादींत येणार नाहीं. ही कचेरी नसून रुग्णालय असलें तर या एका खोट्या रेषेचें मोल काय होईल, तें मीं निराळें सांगावयास नको.

येथें टपालवाल्याची वही उपयोगीं पडते. बेल संशोधनशाळेंतील ब्राइटबार्ट, गारोफालाकिस आणि त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं या वह्यांवरून जोडणी ओळखण्याचा एक नियम मांडला. तो पुलावरच्या पहारेकऱ्यांच्या दृष्टांतानें सहज कळेल. पुलाच्या दोन टोकांना दोन पहारेकरी आहेत; पुलावरून समोरच्या अंगाला कोण कोण राहतें, याची यादी प्रत्येकापाशीं आहे. दोन्ही याद्या एकत्र केल्या असतां सारा गांव आला आणि एकहि नांव दोन्ही याद्यांत आलें नाहीं, तर दोघांमध्यें केवळ पूल आहे, वस्ती नाहीं. परंतु एखादें नांव दोन्ही याद्यांत सांपडलें, तर तो मनुष्य दोघांच्याहि समोर, म्हणजे मध्येंच कोठें तरी राहतो. आमच्या उदाहरणांत मधल्या स्विचचा स्वतःचा पत्ता तळच्याच्या वहींत वरच्या अंगाला दिसेल आणि वरच्याच्या वहींत खालच्या अंगाला. दोन्ही याद्यांत तें नांव आलें कीं सरळ रेषेचा दावा कोसळला.

हा नियम नोंदी पूर्ण असतील तर लागू पडतो, आणि ३०० सेकंदांत पुसल्या जाणाऱ्या वह्या क्वचितच पूर्ण असतात. लोकॅम्प, ओहॅलॅरन आणि ग्रॉस यांनीं २००१ सालीं दाखवून दिलें कीं, नोंदी अपुऱ्या असल्या तरी परस्परविरोध शोधीत गेल्यास जोडणीचा निर्णय बहुतांशीं करतां येतो. अमुक जोडणी आहे हें सिद्ध करण्यापेक्षां अमुक जोडणी असणें अशक्य आहे हें सिद्ध करणें पुष्कळदां सोपें पडतें. आणि अशक्य तेवढें काढून टाकलें म्हणजे शक्याचा घेर आंखडत येतो.

तेव्हां नकाशा संशयास्पद वाटला असतां शोध कोणत्या क्रमानें करावा? प्रथम सर्व साक्षी शक्य तितक्या एकाच वेळीं घ्याव्या. सकाळची वही आणि दुपारचा निरोप एकमेकांपुढें ठेवण्यांत अर्थ नाहीं. वह्या वाचण्यापूर्वीं सर्व पत्त्यांना एकेक हांक मारावी, म्हणजे मुकाट बसलेल्यांच्याहि नोंदी ताज्या होतात. मिळालेली साक्ष जशीच्या तशी जपून ठेवावी आणि नांवें सारखीं करण्याचें काम तिच्या प्रतीवर करावें. मूळ कागदावर खाडाखोड करूं नये. त्यानंतर प्रत्येक पेटीची एकच ओळख ठरवावी, पोर्टांचे अंक कोष्टकावरून पारखून घ्यावे, आणि अनेक तारांची जेथें एक मोळी बांधलेली असेल तेथें ती मोळी आणि तिच्या तारा यांची गफलत होऊं देऊं नये. कारण शेजाऱ्याचा निरोप एकेका तारेचा असतो, तर वहीची नोंद सबंध मोळीची असते.

एवढें झाल्यावर तीन प्रश्न विचारावे. पहिला : या रेषेची साक्ष दोन्ही टोकांनीं दिली आहे काय? दुसरा : एकाच पोर्टावर दोन किंवा अधिक शेजारी दिसतात काय? दिसत असल्यास तेथें प्रश्नाला उत्तर न देणारी एखादी मुकी पेटी असण्याचा संभव मोठा. तिसरा : पहारेकऱ्यांची परीक्षा ही रेषा उतरते काय? यांतूनहि संशय उरला, तर वाहतूक मोजावी. सरळ जोडणी असेल तर एका पोर्टांतून जितकें बाहेर गेलें तितकें दुसऱ्यांत आंत आलें पाहिजे. मात्र येथेंहि एक खोंच आहे. जुने मोजणीचे गणक ३२ बिटांचे असतात. सेकंदाला एक गिगाबिट या वेगानें भरून वाहणारी तार असा गणक सुमारें ३४ सेकंदांत पुन्हां शून्यावर आणून सोडते. म्हणून ६४ बिटांचे गणक विचारावे. आणि सर्वांत शेवटीं, ज्या दोन चार रेषांचा निर्णय कागदावर होतच नाहीं, त्यांच्यासाठीं हातांत विजेरी घेऊन एका माणसानें जिना चढावा व तार डोळ्यांनीं पाहावी. शेंकडों रेषांऐवजीं चारच पाहाव्या लागणें, हाच या साऱ्या खटाटोपाचा लाभ होय.

या विषयांत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आतां सांगतों. नकाशा काढणाऱ्या आज्ञावल्यांत एक मोह असतो. साक्षी जुळल्या नाहींत म्हणजे त्या एका साक्षीदाराला वरचढ ठरवितात, बाकीच्यांचें म्हणणें गुपचूप टाकून देतात आणि एक स्वच्छ, रेखीव चित्र पुढें ठेवतात. पाहणाऱ्याला समाधान वाटतें. परंतु टाकून दिलेल्या साक्षींतच मधल्या स्विचचा पत्ता असतो. विसंवाद हा पुरावाच आहे, आणि पुष्कळदां लपलेली पेटी त्याच्याच वाटेनें सांपडते. म्हणून नकाशावरील प्रत्येक रेषेजवळ ती कोणाच्या साक्षीनें आणि कोणत्या दिवशीं काढली याची नोंद असावी. जेथें साक्षी जुळतात तेथें रेषा अखंड काढावी. जेथें जुळत नाहींत तेथें ती तुटक काढावी आणि तंटा काय आहे तें शेजारीं लिहावें. असा नकाशा दिसावयाला कमी देखणा असेल. परंतु मध्यरात्रीं बिघाड शोधणाऱ्याला, कोठवर विश्वास ठेवावा आणि कोठून पुढें स्वतः जाऊन पाहावें, हें तोच सांगूं शकेल.

ही गोष्ट मोठ्या संस्थांपुरतीच आहे असें नाहीं. आज शहरांतल्या कित्येक वसाहतींत जिन्याखालीं एक पेटी असते. पहारा देणारे कॅमेरे, दाराशीं बोलण्याचीं यंत्रें आणि घरोघरचें इंटरनेट यांच्या तारा तींत एकत्र येतात. कोणती तार कोठें जाते, हें ती बसविणाऱ्या ठेकेदारालाच काय तें ठाऊक असतें. आणि पुढच्या वर्षीं ठेकेदार बदलतो. आपल्या वसाहतीच्या समितीवर जे कोणी असतील त्यांनीं काम पुरें झाल्याचे पैसे चुकते करण्यापूर्वीं त्या जाळ्याचा नकाशा मागून घ्यावा, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून घ्यावी, आणि ठेकेदारानें कोणत्या रेषा प्रत्यक्ष पाहून काढल्या व कोणत्या अंदाजानें काढल्या, तें त्याच्याकडून लिहून घ्यावें. या शेवटच्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देईल, त्याचें बाकीचें कामहि बहुधा विश्वासाला पात्र निघेल.